पाच वॅटांची बिनतारी

गोवंडी हे प्रचंड शक्तींच्या शेजारी वसलेले मुंबईचे उपनगर आहे. येथील एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवरून दक्षिणेकडे पाहिले असता ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो, आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राच्या काठाने, भाभा अणुसंशोधन केंद्राचा तो विस्तीर्ण परिसर पसरलेला आहे, जेथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही भारतातील पहिली अणुभट्टी चालू झाली आणि जेथे १९८५ साली शंभर मेगावॅट औष्णिक क्षमतेची ‘ध्रुव’ कार्यान्वित झाली. त्याच बाजूला माहुलचे तेलशुद्धीकरणाचे कारखाने आहेत आणि टाटांच्या औष्णिक विद्युत्केंद्राची धुराडी आहेत. एक मेगावॅट म्हणजे दहा लक्ष वॅट. जेथे शक्तीची मोजदाद नित्य या परिमाणाने होते, तेथेच दोन खोल्यांच्या घरात बसून, जिन्यातल्या लहानशा एलईडी दिव्याला लागते तेवढ्याच, म्हणजे पाच वॅट शक्तीवर, सातासमुद्रांपलीकडच्या माणसाला आपला संदेश पोहोचवता येतो, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास अतिशयोक्तीची वाटेल. परंतु ती अक्षरशः खरी आहे, जगातील अनेक देशांत तिचे नित्य अनुष्ठान करणारी मंडळी आहेत, आणि त्यांच्या छंदाचा निम्मा जीव यंत्रात असला तर निम्मा त्यांच्या छोट्या छोट्या नियतकालिकांत आहे, असे माझे मत आहे.

हा छंद हौशी बिनतारीचा. जगभर त्याला ‘हॅम रेडिओ’ म्हणतात. सरकारकडून रीतसर परवाना घेऊन, स्वतःच्या यंत्राने व स्वतःच्या एरियलने, कोणत्याही द्रव्यलाभाची अपेक्षा न ठेवता दुसऱ्या परवानाधारकांशी संदेशांची देवघेव करणारा इसम तो हॅम. आकाशवाणीच्या केंद्राशी त्याची गल्लत करू नये, कारण त्याला कार्यक्रम प्रसृत करण्याची, गाणी वाजवण्याची, व्यापाराची अगर राजकारणाची बोलणी करण्याची मुभा नाही. आपल्याकडे १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्यावाचून असे यंत्र नुसते बाळगणेही बेकायदा ठरवले, आणि हौशींच्या परवान्यांची तजवीज १९७८ च्या नियमांनी केली. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणासही परीक्षेस बसता येते. परीक्षेचे विषय दोन, एक बिनतारीचे तंत्र आणि दुसरा तिचे कायदेकानू. वरच्या श्रेणीसाठी मिनिटास आठ शब्दांच्या गतीने मोर्स संकेत पाठवण्याची व घेण्याची कसोटी अधिक द्यावी लागते. केंद्र सरकारचे बिनतारी देखरेख केंद्र बोरिवलीस गोराई रस्त्यावरच असल्यामुळे मुंबईच्या उमेदवाराला परीक्षेसाठी दूर जावे लागत नाही. परवाना हाती पडला की ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारी, जगात दुसऱ्या कोणाचीही नसलेली अशी कॉलसाइन मिळते, आणि त्यानंतर आकाशातील हजारो लोक त्या माणसाला नावापेक्षा त्या चिन्हानेच ओळखू लागतात. पंतप्रधान राजीव गांधी हे ‘व्हीयू २ आरजी’ होते.

परवान्याची मर्यादा शेकडो वॅटांपर्यंत जाते आणि बाजारात मिळणारी तयार यंत्रे बहुधा शंभर वॅटांची असतात. असे असूनही काही मंडळी स्वखुशीने आपली शक्ती मोर्ससाठी पाच वॅटांवर आणि बोलण्यासाठी दहा वॅटांवर आणून ठेवतात. बिनतारीच्या सांकेतिक भाषेत ‘शक्ती कमी करा’ या सूचनेसाठी जी ‘क्यूआरपी’ अक्षरे फार पूर्वीपासून ठरलेली आहेत, तीच या पंथाचे नाव होऊन बसली. त्यांतही एक वॅटाच्या खाली, मिलिवॅटांत रमणारी अधिक कडक व्रताची शाखा आहे. सामान्य वाचक येथे स्वाभाविकपणे विचारील, की शंभर वॅट उपलब्ध असताना पाचांवर राहण्यात कोणता पुरुषार्थ आहे? याचे पहिले उत्तर गणिताचे आहे, आणि ते मला स्वतःला इतके सुंदर वाटते की थोडे सविस्तर सांगतो.

ग्राहकयंत्रावर येणाऱ्या संदेशाचे बळ दाखवणारा एक काटा असतो आणि त्याखाली एक ते नऊ अशा पायऱ्या आखलेल्या असतात. संकेत असा, की काटा एक पायरी खाली यावयाचा असेल तर पाठवणाऱ्याची शक्ती एकचतुर्थांश झाली पाहिजे. आता शंभर वॅटांचा चौथा हिस्सा पंचवीस, म्हणजे एक पायरी; पंचविसाचा चौथा हिस्सा सव्वासहा, म्हणजे दुसरी पायरी. पाच वॅट त्याहून किंचित खाली. याचा अर्थ असा, की शंभर वॅटांची शक्ती विसाव्या हिश्श्यावर आणली तरी दूरदेशी बसलेल्या श्रोत्याचा काटा दोन पायऱ्यांहून जरासाच खाली उतरतो; जो संदेश त्याला सहाव्या पायरीवर ऐकू येत होता तो चौथ्याच्या आसपास ऐकू येतो, आणि आसमंत शांत असेल तर चौथ्या पायरीवरचा संदेश एकही अक्षर न गाळता उतरून घेता येतो. पंचाण्णव वॅट वाचले आणि हानी झाली ती एवढीच. मनुष्याच्या श्रवणेंद्रियाची घडणही अशीच, गुणाकाराच्या पायऱ्यांची आहे. ज्यास हे गणित एकवार उमगले त्याला मोठ्या यंत्राचा हव्यास फारसा उरत नाही. तो आपले लक्ष यंत्राकडून काढून एरियलकडे, काळवेळेकडे आणि स्वतःच्या कानाकडे वळवतो.

काळवेळ म्हणण्याचे कारण असे, की हे संदेश सरळ रेषेत जात नाहीत. पृथ्वीपासून साधारण दोनशे ते चारशे किलोमीटर उंचीवर सूर्याच्या किरणांनी विद्युद्भारित झालेला विरळ वायूचा जो थर आहे, ज्यास आयनांबर म्हणतात, त्यावरून लघुलहरी परावर्तित होऊन क्षितिजापलीकडे उतरतात, जमिनीवरून पुन्हा उसळतात, आणि अशा टप्प्याटप्प्याने खंडे ओलांडतात. त्या थराची प्रकृती प्रहराप्रहराला पालटते. सात मेगाहर्ट्‌झच्या, म्हणजे चाळीस मीटरांच्या पट्ट्यात दुपारी मुंबईहून पुणे, नाशिक, फार तर बंगळूरपर्यंतचा पल्ला गाठता येतो, कारण दिवसा खालचा एक थर या लहरींचे शोषण करतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि तीच लहर हजारो किलोमीटरांची मजल मारू लागते. चौदा मेगाहर्ट्‌झचा पट्टा बहुतांशी दिवसाचा. त्याखेरीज सूर्यावरील डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र आहेच. डाग वाढले की उच्च कंप्रतेचे पट्टे जागे होतात आणि पाच वॅटवाल्यांना उत्सवाचे दिवस येतात. शंभर वॅटवाला प्रतिकूल प्रहरीही रेटून नेऊ शकतो. पाच वॅटवाल्याला अनुकूल प्रहराची वाट पाहावी लागते आणि म्हणून तो सूर्योदय, सूर्यास्त, ऋतू आणि सौरचक्र यांचा जाणता होतो. आपल्या नकळत तो निसर्गाचा विद्यार्थी बनतो, हा मी या छंदाचा सर्वांत मोठा लाभ समजतो.

दुसरी गोष्ट मोर्सची. बोललेल्या शब्दाला आकाशात सुमारे अडीच हजार हर्ट्‌झ रुंदीची वाट लागते, तर कड-कट्टचा संकेत दीडदोनशे हर्ट्‌झमध्ये सामावतो. सारी शक्ती त्या चिंचोळ्या वाटेत एकवटल्यामुळे जेथे शब्द विरून जातो तेथे संकेत टिकतो. आपल्या देशात तारेची सेवा १४ जुलै २०१३ च्या रात्री शेवटच्या तारा स्वीकारून बंद झाली. त्यापूर्वीच तारखात्यातून मोर्सची किल्ली हद्दपार झालेली होती, परंतु हौशींनी ती विद्या आजतागायत जिवंत ठेवली आहे, आणि ती हौसेखातर नव्हे तर खऱ्या गरजेपोटी, कारण पाच वॅटांवर तिच्याइतके भरवशाचे वाहन क्वचितच सापडते. १४०६० आणि ७०३० किलोहर्ट्‌झ या जागा अल्पशक्तीवाल्यांच्या भेटीगाठीच्या म्हणून रूढ आहेत. तेथे कान लावला की क्षीण, किंचित हेलकावणारे, परंतु स्वच्छ हाताने पाठवलेले संकेत ऐकू येतात.

लघुलहरींचा हा सगळा प्रदेश मुळात हौशींच्या वाट्याला आला तो निरुपयोगी म्हणून. विसाव्या शतकाच्या आरंभी तज्ज्ञांची अशी दृढ समजूत होती की दूरच्या संदेशासाठी जितकी लांब लहर तितकी बरी, आणि दोनशे मीटरांखालच्या लहरी कोणाच्याच उपयोगाच्या नाहीत. तेव्हा त्या हौशींना देऊन टाकण्यात आल्या. हौशींनी डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतून पाठवलेला संदेश स्कॉटलंडमधील अर्ड्रोसन येथे ऐकला, आणि त्या टाकाऊ जमिनीची मशागत करून १९२३ च्या नोव्हेंबरात सुमारे ११० मीटरांवर फ्रान्स आणि अमेरिका यांच्यामध्ये उभयपक्षी संभाषण घडवून आणले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९२७ साली, मार्कोनींच्या लघुलहरी ‘बीम’ पद्धतीने हिंदुस्थान आणि इंग्लंड जोडले गेले. त्यासाठी प्रेषणकेंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहणकेंद्र दौंडला उभारले होते. दौंड जंक्शनवर गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की एके काळी विलायतेचे बिनतारी संदेश प्रथम याच माळावर उतरत असत!

आणि मुंबईचा हौशी बिनतारीशी असलेला ऋणानुबंध तर स्वातंत्र्याच्या इतिहासात नोंदला गेला आहे. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशींचे परवाने रद्द करून यंत्रे जमा करण्याचे हुकूम सोडले. तरीही १९४२ च्या ऑगस्टात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्याच्या यंत्राची घडण नरिमन प्रिंटर या हौशी बिनतारी जाणकाराच्या हातची होती आणि साहित्याची मदत ‘शिकागो रेडिओ’ या पेढीच्या नानक मोटवानींनी केली होती. केंद्राची जागा वारंवार बदलत, पोलिसांच्या शोधगाड्यांना हुलकावण्या देत ते १२ नोव्हेंबरपर्यंत चालले. उषाबहेनना चार वर्षांची शिक्षा झाली. या केंद्राची लहर ४२.३४ मीटर होती. तिचे कंप्रतेत रूपांतर करून पाहिले तर ती सुमारे ७.०८ मेगाहर्ट्‌झ भरते, म्हणजे आज हौशींसाठी राखून ठेवलेल्या चाळीस मीटरांच्या पट्ट्याच्या ऐन मध्याजवळ येते. आज गोवंडीचा, घाटकोपरचा किंवा मुलुंडचा एखादा परवानाधारक त्या पट्ट्यात रीतसर ‘सीक्यू’ची, म्हणजे ऐकणाऱ्या कोणासही उद्देशून असलेली, साद घालतो तेव्हा ज्या लहरीसाठी मुंबईच्या एका तरुणीने तुरुंगवास पत्करला तिच्याच आसपास तो वावरत असतो. ही गोष्ट प्रत्येक नव्या परवानाधारकाला सांगितली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आता नियतकालिकांकडे वळतो. अल्पशक्तीवाल्यांचे पहिले मोठे मंडळ १९६१ साली अमेरिकेत निघाले. आरंभी त्याची मर्यादा शंभर वॅटांची होती, हे आज वाचून नवल वाटेल. ती पुढे पाचांवर आली. त्याच मंडळाचे ‘क्यूआरपी क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक. ऑस्ट्रेलियातील मोर्सप्रेमी अल्पशक्ती मंडळाचे ‘लो-की’. परंतु माझ्या मते या कुळातील मानाचे पान ब्रिटनच्या ‘स्प्रॅट’चे आहे. १९७४ साली जॉर्ज डॉब्झ या धर्मोपदेशकाने ‘जी-क्यूआरपी क्लब’ स्थापन केला आणि त्याचे मुखपत्र म्हणून हे चिमुकले त्रैमासिक सुरू केले. डॉब्झ हे इंग्लंडच्या चर्चचे पाद्री होते, रॉचडेल येथे त्यांनी उपाध्यायाचे काम केले, आणि १९७२ साली त्यांनी मुलांसाठी ट्रान्झिस्टर रेडिओ कसा बनवावा याविषयी एक छोटे पुस्तक लिहिले होते, ज्यात कथिलाची झाळणी न लावता लाकडी फळीवर स्क्रू पिळून सगळी जोडणी करावयाची होती. ते पुस्तक हाती धरून ब्रिटनमधील एक पिढी या विद्येत आली. मोठ्या विद्येचे दार लहान मुलाच्या उंचीवर बसवण्याची ही जी बुद्धी, तीच ‘स्प्रॅट’च्या पानापानांत दिसते. २०१९ च्या मार्चमध्ये डॉब्झ निवर्तले. अंक चालूच आहेत.

अंकाचे रूप अगदी साधे असते. वहीच्या अर्ध्या पानाचा आकार, मोजकी पाने, आणि त्यांत रेखाकृतींची दाटी. एखाद्या पानावर कोणा सभासदाने बनवलेल्या प्रेषकयंत्राचा नकाशा, खाली जिनसांची यादी, वेटोळ्याला किती वेढे कोणत्या जाडीच्या तारेचे घ्यावेत याची नोंद, आणि शेवटी दोनचार ओळींत अनुभव: अमुक ठिकाणी यंत्र शिट्टी घालू लागले तर तमुक धारित्र जोडावे. लेखनात पांडित्याचा डौल नाही, जाहिरातीची भाषा नाही. दोनतीन अंकांनंतर दुसरा कोणी लिहितो, की मी हा नकाशा माझ्या हाताशी असलेल्या वेगळ्या ट्रान्झिस्टरवर करून पाहिला आणि अमका रोधक बदलावा लागला. मग तिसरा त्याच यंत्राला ग्राहकाची जोड देतो. स्कॉटलंडमधील एका सभासदाने याच पानांतून दिलेल्या अगदी थोड्या भागांच्या यंत्राचे वंशज म्हणजे आज ‘पिक्सी’ या नावाने जगभर स्वस्तात विकला जाणारा संच, जो सात मेगाहर्ट्‌झवर वॅटाच्या काही दशांशांत चालतो आणि तळहातावर मावतो. विद्यापीठांच्या संशोधनपत्रिकांत ज्ञानाची जी परंपरागत शुद्धी होते तीच येथे होते, फक्त परीक्षक निराळा: यंत्र चालले की लेख खरा. क्लब केवळ अंक काढून थांबत नाही. नकाशात सांगितलेले स्फटिक, फेराइटची वलये वगैरे जिन्नस सभासदांना माफक किमतीत पुरवतो. हा व्यवहार छोटा दिसतो, पण तो नसता तर कित्येक नकाशे कागदावरच राहिले असते.

मोठ्या शक्तीच्या यंत्राला अशा नियतकालिकाची गरज नसते, ते दुकानातून विकत घेता येते. पाच वॅटांचे यंत्र मात्र माणूस स्वतःच्या हातांनी करू शकतो, कारण त्यात उच्च दाबाचे भय नाही, महागडे भाग नाहीत, तापलेले भाग निववण्याचा फारसा खटाटोप नाही. बारा व्होल्टची एक बॅटरी पुरते. जेथे हाताने करणे शक्य तेथे करणाऱ्यांनी एकमेकांस सांगणे आलेच, आणि त्या सांगण्याला कायम ठिकाण देणारा कागद म्हणजे हे त्रैमासिक. शक्ती अल्प ठेवल्यामुळेच हा छंद विकत घेणाऱ्यांचा न होता घडवणाऱ्यांचा राहिला, आणि घडवणाऱ्यांचा राहिल्यामुळेच त्याला वाङ्मय लाभले.

आपल्या देशाने या वाङ्मयात घातलेली सर्वांत मोलाची भर हैदराबादची आहे. अश्हर फरहान, कॉलसाइन ‘व्हीयू २ ईएसई’, यांनी २००३ साली ‘बिटएक्स २०’ या यंत्राचा नकाशा जगासमोर मांडला. वीस मीटरांच्या पट्ट्यावर आवाजाने बोलण्याचे, सुमारे सहा वॅटांचे, संपूर्ण प्रेषक-ग्राहक यंत्र, आणि त्याचा संकल्प असा, की भारतातील कोणत्याही साधारण शहरात मिळणाऱ्या भागांतून ते उभे राहिले पाहिजे. परदेशी नकाशांत जेथे खास आयात केलेली फेराइट वलये सांगितलेली असतात, तेथे फरहान यांनी नळाच्या तोटीत बसवतात ती वॉशरे घेऊन त्यांवर तार गुंडाळली. अखेरच्या टप्प्याला बिनतारीचा महागडा ट्रान्झिस्टर न वापरता वीजपुरवठ्याच्या यंत्रांत वापरला जाणारा स्वस्त ‘आयआरएफ ५१०’ बसवला. प्रत्येक टप्पा निरनिराळा करून तपासता यावा अशी रचना आणि प्रत्येक भाग तेथे का आहे याचे स्पष्टीकरण, हे त्या लेखाचे खरे सौंदर्य. पुढे याच घराण्यातील ‘बिटएक्स ४०’ आणि ‘मायक्रोबिटएक्स’ यांचे तयार फलक हैदराबादहून जगभर जाऊ लागले. ज्या विद्येत आपण आयात करणारे होतो तीत निर्यात करणारे झालो, आणि ते नळाच्या वॉशरपासून आरंभ करून, याचा मला अभिमान वाटतो.

गोवंडीच्या माणसाला तर अशा कारागिरीसाठी परिस्थिती विशेष अनुकूल आहे. हार्बरच्या गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठून ग्रँट रोडकडे गेले की लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग, तेथे रोधक, धारित्रे, ट्रान्झिस्टर किलोच्या हिशेबाने पाहावयास मिळतात. पण तितकेही जाण्याचे कारण नाही. देवनारच्या कचराभूमीभोवती, शिवाजीनगर आणि बैंगनवाडीच्या गल्ल्यांत, भंगार निवडून त्यातून तांबे, पितळ आणि यंत्रांचे सुटे भाग वेगळे काढण्याचा उद्योग अनेक कुटुंबे कष्टाने करीत असतात, आणि जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतील गँग, छोटी डबीबंद वेटोळी, टाकून दिलेल्या संगणकाच्या वीजपुरवठ्यातील फेराइटची वलये, हे सगळे अल्पशक्तीवाल्याच्या लेखी उत्तम साहित्य होय. काही विदेशी दूरदर्शनसंचांत रंगांसाठी असणारा ३.५७९ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक तर नेमका ऐंशी मीटरांच्या हौशी पट्ट्यात बसतो, आणि त्याभोवती एक ट्रान्झिस्टर, काही रोधक व धारित्रे आणि एक वेटोळे मांडले की प्रेषक तयार. भारतीय हौशींच्या एका पिढीने याच कामी धातूच्या टोपीचा ‘एसएल १००’ ट्रान्झिस्टर वापरला. या भागातील मुलांना रोज हाताळायला मिळणाऱ्या वस्तूंतून आकाशाशी बोलणारे यंत्र होऊ शकते, हे त्यांना कोणीतरी दाखवून द्यावयास हवे.

एरियलची अडचण मात्र खरी आहे. सात मेगाहर्ट्‌झसाठी अर्ध्या लहरीची तार सुमारे वीस मीटर लागते. चौदा मेगाहर्ट्‌झसाठी दहा, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे पाच पाच मीटर. वीस मीटर तार पसरेल अशी गच्ची सगळ्यांच्या नशिबी नसते आणि जेथे असते तेथे सोसायटीची मंजुरी घ्यावी लागते. दहा मीटरांची बारीक तार मात्र कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. शक्ती कमी असल्याने शेजारच्या दूरदर्शनसंचात व्यत्यय येण्याची तक्रारही क्वचित उद्भवते.

त्याहून मोठा शत्रू आहे तो शहराचा विद्युत् कोलाहल. संध्याकाळी सहानंतर मी आमच्या गच्चीवर बॅटरीवरचा लघुलहरी संच लावतो तेव्हा घराघरांतील स्वस्त एलईडी दिवे, भ्रमणध्वनीचे चार्जर, लिफ्टची मोटार, या सगळ्यांची एक संमिश्र गुणगुण प्रत्येक पट्ट्यावर पसरलेली असते, आणि तिच्याखाली चौथ्या पायरीवरचा संदेश बुडून जातो. ही व्यथा मुंबईला नवी नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होत होती, १८५९ च्या सप्टेंबरातील इतिहासप्रसिद्ध सौरवादळाची नोंदही तेथे झालेली आहे. परंतु मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म मापनात बिघाड होईल हे ओळखून वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली आणि दोन वर्षे दोन्ही ठिकाणच्या नोंदी ताडून पाहून मग कुलाब्याचे काम थांबवले. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ महाकाय मीटरलहरी दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत, त्यांच्यासाठी ती जागा निवडण्यातही तेथील बिनतारी शांततेचा मोठा वाटा होता. पाच वॅटवाला हौशीही याच मार्गाने जातो: रविवारी बॅटरी, तार आणि किल्ली पिशवीत घालून कर्जतच्या पुढे एखाद्या डोंगरमाथ्यावर चढतो, आणि घरी जे ऐकू येत नव्हते ते तेथे स्पष्ट ऐकतो.

खोडदचा उल्लेख आला म्हणून आणखी एक नाते सांगण्याजोगे आहे. खोडदला ज्या स्पंदक ताऱ्यांचा अभ्यास चालतो त्यांपैकी जोडीने फिरणारा पहिला तारा १९७४ साली जोसेफ टेलर आणि रसेल हल्स यांनी शोधला, ज्याबद्दल त्यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे टेलर स्वतः हौशी बिनतारीवाले आहेत, आणि ताऱ्यांचे क्षीण संकेत कोलाहलातून वेगळे काढण्याची विद्या त्यांनी आपल्या छंदाच्या सेवेस लावली. २००८ साली त्यांनी मांडलेल्या एका पद्धतीत पन्नास बिटांचा चिमुकला संदेश जवळजवळ दोन मिनिटे सावकाश पाठवतात आणि तो केवळ सहा हर्ट्‌झ रुंदीत बसतो. वॅटाच्या पाचव्या हिश्श्यावर तो खंडे ओलांडतो, आणि मनुष्याच्या कानाला ज्याचा मागमूसही लागत नाही तो संगणक वाचून दाखवतो. काही जुने मोर्सवाले या पद्धतीवर नाराज आहेत, कारण तीत दोन यंत्रे बोलतात आणि माणसे पाहत बसतात. मला त्यांचे म्हणणे पटते. तरीही आपल्या गच्चीवरची तार कोणत्या प्रहरी कोणत्या देशापर्यंत पोहोचते हे कळण्यासाठी तिच्याइतके चोख साधन दुसरे नाही. अमेरिकन मंडळाकडून वॅटामागे हजार मैल गाठणाऱ्यास प्रशस्तिपत्र मिळते. मुंबईहून लंडन सुमारे साडेचार हजार मैल, तेव्हा चार वॅटांवर लंडनच्या कोणा हौशीने आपला संकेत उतरून घेतला आणि पोचकार्ड धाडले, की ते प्रशस्तिपत्र गोवंडीच्या टपालपेटीतही येऊ शकते.

शेवटी एक इच्छा प्रकट करतो. मराठीत कृतिशील विज्ञानाच्या मासिकांची परंपरा जुनी आहे. ‘सृष्टिज्ञान’ १९२८ पासून निघते; नागपूरच्या ‘उद्यम’ने हातांनी करून पाहण्याचे कित्येक उद्योग घरोघर पोहोचवले; आणि १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञानभवन तर आमच्याच हार्बर मार्गावर चुनाभट्टीला आहे. या परंपरेत अल्पशक्ती बिनतारीचे एक मराठी त्रैमासिक असावे. त्यासाठी झगझगीत कागद नको, रंगीत मुखपृष्ठ नको. सोळा पाने पुरेत. त्यात एका ट्रान्झिस्टरच्या ग्राहकयंत्राचा मराठी नावांनी आखलेला नकाशा असावा, लॅमिंग्टन रोडवरील जिनसांचे त्या वेळचे भाव असावेत, परीक्षेच्या नियमांची सुबोध टिपणे असावीत, कोणत्या उपनगरात संध्याकाळी कोणत्या पट्ट्यावर किती कोलाहल आहे याच्या वाचकांनी पाठवलेल्या नोंदी असाव्यात, आणि मागच्या अंकातला नकाशा ज्याच्या हातून चालला नाही त्याचे पत्र व त्याला दुसऱ्या वाचकाने दिलेले उत्तर, यांसाठी दोन पाने दर अंकात राखून ठेवलेली असावीत.